दिवसातून चाळीस वेळा ऑक्सिमीटर: सिडकोतल्या एका घराचं प्रकरण

एप्रिल २०२१. नाशिकच्या सिडकोतलं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. ३८ वर्षांच्या एक बाई दिवसातून चाळीसेक वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या. आकडा दर वेळी ९७ किंवा ९८. घरात कोविड कुणालाच नव्हता.

हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. दुसऱ्या लाटेत फोनवरच्या समुपदेशनात पुन्हा पुन्हा दिसणारे धागे एकत्र विणून ते अभ्यासासाठी बांधलं आहे. घरातले तपशील आणि चाचण्यांचे गुणही त्याच हेतूने घातलेत. सार्वजनिक घटना आणि नियम मात्र त्या दिवसांतले जसेच्या तसे.

घर आणि ते दिवस

नवरा अंबड औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर. त्याचा कारखाना बंद नव्हता, त्यामुळे शिफ्ट चालू. सासूबाई ६७ वर्षांच्या, मधुमेहाच्या. मुलगा दहावीत. बाईंचं शिवणकाम घरूनच: ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चुलत दीर कोविडने गेले. अंत्यविधीला घरातलं कुणी जाऊ शकलं नाही.

मग लागोपाठ तीन दिवस. २० एप्रिलला राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर झालं. वर्षभर ज्या तारखेभोवती घर फिरत होतं ती तारीखच नाहीशी झाली. २१ एप्रिलला शहरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि २२ रुग्ण दगावल्याची बातमी संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोनवर पोचली. २२ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आणखी कडक झाले: लग्नाला २५ माणसं, कार्यक्रम दोन तासांत उरकायचा. लग्नसराईचे चौदा ब्लाउज कापून तयार होते. ते पिशवीतच राहिले आणि मशीनवर चादर पडली.

पहिला फोन २४ एप्रिलचा. तक्रार अशी: "मॅडम, श्वास पुरत नाही. आकडा चांगला येतो, पण मशीनवर विश्वास बसत नाही. रात्री दोनला उठून सगळ्यांच्या बोटाला लावते."

आधी शरीर, मग मन

श्वास पुरत नाही असं सांगणाऱ्या माणसाला साथीच्या काळात लगेच 'ही चिंता आहे' म्हणणं धोक्याचं. कोविडमध्ये धाप न लागताही ऑक्सिजन उतरू शकतो आणि चिंतेत ऑक्सिजन पूर्ण असूनही धाप लागते. म्हणून पहिल्या फोननंतरच त्यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे पाठवलं. ताप नाही, खोकला नाही, विश्रांतीत ९८, सहा मिनिटं चालल्यावरही ९७, थायरॉइड ठीक. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हे मात्र त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. भीतीने श्वास उथळ आणि भरभर चालला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या त्याच्याच, आणि 'हवा कमी पडतेय' ही जाणीवही त्याचीच. मोठमोठे श्वास घ्यायला सांगणारे शेजारी नकळत त्यात भर घालत होते.

गुण असे: चिंतेच्या जीएडी-७ प्रश्नावलीवर २१ पैकी १७, नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीवर २७ पैकी ११. पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा असतो. तो फोनवर कधीही घाईत वाचू नये. घरचे ऐकत असतील तर बाई 'नाही'च म्हणणार. इथे आधी विचारलं, "ताई, आत्ता मोकळं बोलता येईल का? नसेल तर फक्त हो किंवा नाही म्हणा." त्या फोन घेऊन गच्चीवर गेल्या, पाण्याच्या टाकीमागे, आणि पुढचे सगळे फोन तिथूनच झाले. उत्तराचा गुण शून्य, म्हणजे तसे विचार नव्हते.

तिसरी मोजणी एएक्यू-२ची, म्हणजे मनाची लवचिकता मोजणाऱ्या प्रश्नावलीची. सात विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ७ ते ४९ च्या मध्ये. गुण जितके जास्त तितकं मन ताठर, म्हणजे नकोशा भावना-आठवणींशी झगडण्यात जगणं अडकलेलं. बाईंचे ३६. हा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यापेक्षा त्याच माणसाच्या पुढच्या आकड्याशी ताडावा.

'लवचिकता' म्हटलं की काय ऐकू येतं

या कामाचा पाया ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, थोडक्यात ॲक्ट. स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून ती घडवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताणाच्या काळासाठी काढलेली सचित्र पुस्तिकाही याच विचारावर उभी आहे. मानसिक लवचिकता म्हणजे नकोसे विचार आणि भावना सोबत असतानाही भान इथलं राखणं आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने हातपाय हलवणं. भीती कमी होणं ही तिची व्याख्या नाही.

पण मराठी घरातल्या बाईला 'लवचिक व्हा' म्हणून पाहा. तिला ऐकू येतं, 'ॲडजस्ट कर.' ते तर ती लग्नापासून करतेय. 'स्वीकार करा' म्हटलं तर ऐकू येतं, 'सोस, नशिबात आहे.' हे दोन्ही शब्द आम्ही समुपदेशनात टाळायला सांगतो. 'भीतीला जागा द्या' हे चालतं. दोन खोल्यांच्या घरात पाहुणा आला तर त्याला कोपऱ्यात चटई टाकून देतो आणि आपला स्वयंपाक चालू ठेवतो, हे समजावून सांगावं लागत नाही. हेही पहिल्याच फोनवर स्पष्ट केलं की जागा द्यायची ती भावनेला. मारहाण, थकलेला पगार, नाकारलेले उपचार यांना जागा द्यायची नसते. तिथे भांडायचं असतं.

('पॉझिटिव्ह विचार कर' हा सल्ला तर त्या महिन्यात कुणी कुणाला कसा देत होतं, नवलच. 'पॉझिटिव्ह' शब्दानेच पोटात गोळा यायचा.)

जमाखर्च

दुसऱ्या फोनवर एक वही करायला सांगितली. चार रकाने: काय झालं, मी काय केलं, पुढच्या दहा मिनिटांत काय वाटलं, रात्री झोपताना हिशोब काय. चार दिवसांनी वही वाचून दाखवली गेली. ऑक्सिमीटर सरासरी चाळीस वेळा, सुटका चार-पाच मिनिटं. दुधाच्या पिशव्या साबणाने, भाजी मिठाच्या पाण्यात, मग परत नळाखाली: सकाळचे पावणेदोन तास. काढा चार वेळा, त्याने पोटात जळजळ, आणि जळजळ झाली की 'हे लक्षण तर नाही?' व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप. नवरा दारातून आत येताच "घसा दुखतोय का?" रात्री दिवा चालू. या सगळ्यावर घरच्यांचं औषध एकच, "विचार करू नकोस."

इथे समुपदेशक हमखास एक चूक करतात. यादी ऐकली की 'मग हे थांबवा' म्हणून मोकळे होतात. ऑक्सिमीटर थांबवा असं साथीच्या काळात सांगायला आपण कोण? सासूबाईंना मधुमेह, नवरा रोज शंभर माणसांत. सकाळी आठला नीट लावलेला ऑक्सिमीटर ही खबरदारी. आठ वाजून दहा मिनिटांनी, ९८ पाहिल्यावरही, छातीत धस्स झालं म्हणून पुन्हा लावलेला तोच ऑक्सिमीटर म्हणजे भीतीपासून पळ. यंत्र तेच, बोट तेच, कृतीचं काम वेगळं. सकाळची तपासणी माहिती आणते. आठ वाजून दहा मिनिटांची फक्त चार मिनिटांची सुटका आणते, आणि पुढच्या धस्सला पुन्हा बोट पुढे करायची सवय लावून जाते.

म्हणून प्रत्येक कृतीपुढे एकच प्रश्न लिहायला सांगितला: यातून नवीन काय कळलं? उत्तर 'काही नाही' असेल तर पुढे फुली. पहिल्या दिवशी ३४ फुल्या पडल्या. बाई हसल्या, मग बराच वेळ गप्प राहिल्या. ती शांतता भरून काढायची घाई करू नये. इतके दिवस केलेली धडपड भीती घालवत नव्हती, वाढवत होती, हे आपलं आपल्याला दिसण्याचा तो क्षण असतो. तिथे सल्ला दिला की तो हातचा जातो.

तपासणीच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवल्या: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. पाच मिनिटं बसून राहायचं, हात गरम हवा, नखाला रंग किंवा मेंदी नको, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग वहीत लिहायचं. मधल्या वेळात हात यंत्राकडे गेला तर तो आवरायचा आणि नांगर टाकायचा.

नांगर कशासाठी

नांगर टाकणं ही तीन पायऱ्यांची कृती. आत काय चाललंय ते नावानिशी म्हणायचं: "छातीत दडपण आहे, भीती आहे." मग शरीराकडे यायचं: तळपाय जमिनीवर दाबायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर दाबायची, पाठ सरळ. मग आजूबाजूला पाहायचं: पाच वस्तू दिसतात कोणत्या, आवाज कोणते येतात, हातातलं काम कोणतं. दोन मिनिटं. दिवसातून सहा-सात वेळा, आणि पहिला आठवडा तरी फार घाबरलेलं नसताना. पोहायला कुणी पुरात शिकत नाही.

तिसऱ्या फोनवर अपेक्षित तक्रार आलीच: "मॅडम, पाय टेकवले, सगळं केलं, पण भीती गेली नाही." म्हणजे नांगराचाही ऑक्सिमीटर झाला होता! ही या पद्धतीतली सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिला बऱ्याचदा समुपदेशकच कारणीभूत असतो. 'हे करा, बरं वाटेल' असं तो बोलून गेलेला असतो. नांगराने वादळ थांबत नाही, होडी वाहून जात नाही, एवढंच. कसोटी अशी घ्यायची: भीती आहे तशीच असताना पुढच्या दोन मिनिटांत पोळी लाटता आली का? आली, तर नांगर लागला.

लासलगावची बोली

विचारांपासून थोडं अंतर घेण्याच्या बऱ्याच युक्त्या आहेत. एक प्रसिद्ध युक्ती म्हणजे नकोसा शब्द तीस-चाळीस सेकंद भराभर म्हणत राहणं, त्याचा नुसता आवाज उरेपर्यंत. गळतीच्या बातमीनंतरच्या पंधरवड्यात नाशिकमधल्या बाईला 'ऑक्सिजन, ऑक्सिजन' म्हणायला लावणं ही क्रूर थट्टा झाली असती. ती युक्ती बाजूला ठेवली.

त्याऐवजी साधं वाक्य दिलं: 'मला कोविड होणार' याच्या जागी 'माझ्या मनात असा विचार येतोय की मला कोविड होणार'. बाईंना ते पुस्तकी वाटलं. त्यांचं माहेर निफाड तालुक्यातलं, वडील कांदा घेऊन लासलगावला जायचे. त्या म्हणाल्या, "माझं मन लिलावासारखं आहे. एक म्हणतो खोकला, दुसरा चढवतो न्यूमोनिया, तिसरा व्हेंटिलेटर. बोली चढतच जाते."

यापेक्षा चांगली उपमा शिकवून सुचली नसती. त्यांना एवढंच विचारलं, "बोली लागली म्हणजे माल द्यावाच लागतो का?" नाही. भाव पटला नाही तर शेतकरी माल द्यायला नकार देऊ शकतो. ट्रॅक्टरशी उभं राहून बोली ऐकायची असते, कान बंद करायचे नसतात, आणि बोली लावणाऱ्याशी भांडायचंही नसतं. पुढच्या आठवड्यात वहीत नुसतं 'बोली' एवढंच लिहिलेलं सापडू लागलं: "दुपारी ३, बोली, मोठी. दिली नाही."

दुसऱ्या कुणाला हीच उपमा उपयोगी पडेल असं नाही. द्राक्षबागायतदाराला कदाचित अवकाळीचं आभाळ जवळचं वाटेल. प्रतिमा त्या माणसाच्या घरातूनच यावी लागते, समुपदेशकाच्या वहीतून नव्हे.

मूल्य विचारलं तर इच्छा मिळते

"तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं काय?" या प्रश्नाला चौथ्या फोनवर उत्तर आलं, "घरात कुणाला काही होऊ नये." ही इच्छा आहे, साहजिकही आहे, पण ती आपल्या हातात नाही आणि तिच्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते ठरत नाही. मूल्य म्हणजे कसं वागायचं. म्हणून प्रश्न बदलला: "हे दिवस सरल्यावर मुलाने म्हणावं, 'तेव्हा आई अशी होती.' कशी?" उत्तर यायला वेळ लागला. "घाबरलेली, पण माझ्याशी बोलणारी." आणि मग, न विचारता, "मशीन चालू असणारी."

त्यावरून लहान पावलं ठरली. रोज दुपारी पंधरा मिनिटं मशीनपाशी. पहिले दोन दिवस शिवायचं नाही: चादर काढायची, दात्यांतली रुई ब्रशने काढायची, तेलाचे थेंब सोडायचे, बॉबिन भरायची. तिसऱ्या दिवशी एका ब्लाउजचे हुक. रात्री जेवणानंतर मुलासोबत वीस मिनिटं गच्ची, कोविडचा विषय वर्ज्य नाही पण त्याने काढला तरच. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी सातला, पंधरा मिनिटं. अकरापैकी नऊ ग्रुप म्यूट. दोन ठेवले, एक इमारतीचा आणि एक माहेरचा. ग्रुप सोडायला सांगितलं असतं तर नातेवाईक रुसले असते आणि तो नवा ताण झाला असता.

नवरा पॉझिटिव्ह

पाचव्या फोनच्या आधीच, मेच्या मध्यावर, नवऱ्याला ताप आला आणि चाचणी पॉझिटिव्ह आली. आतली खोली त्याला, बाहेर तिघं. संडास-बाथरूम एकच: तो शेवटी वापरणार, मग पंधरा मिनिटं दार-खिडकी उघडी, मग पुसायचं. सासूबाईंना दाराजवळच्या कोपऱ्यात हलवलं. डॉक्टरांनी फोनवर लिहून दिलं: ताप आणि ऑक्सिजन चार-चार तासांनी, दिवसातून दोनदा सहा मिनिटं खोलीत चालून पुन्हा, ९४ च्या खाली किंवा चालल्यावर ३ पेक्षा जास्त घट दिसली तर लगेच फोन. कागद दारावर चिकटवला. खाली तीन नंबर: डॉक्टर, रुग्णवाहिका, मोठे दीर.

सहाव्या रात्री दोन वाजता आकडा आला ९३.

आधीच्या महिन्यात याच क्षणी अकरा जणांना फोन गेले असते. या वेळी तळपाय फरशीवर दाबले गेले. त्याचा हात कूलरसमोर गार पडला होता. हात चोळून पांघरुणात ठेवला, त्याला उठवून बसवलं, पाच मिनिटं घड्याळाकडे पाहत काढली, बोट बदललं. ९६. पुन्हा एक मिनिटाने ९६. वहीत लिहिलं. दुसरा आकडाही ९३ आला असता तर थेट डॉक्टरांना फोन, यात तडजोड नव्हती. तसं आधीच ठरलं होतं. लवचिकता म्हणजे धीर धरून बसणं नव्हे. कागदावर 'फोन करा' लिहिलं असेल तर मन 'काही नसेल, उगाच कशाला' म्हणत असलं तरी फोन करायचा. तीही बोलीच, उलट्या दिशेची.

नवरा घरीच बरा झाला. चौदा दिवसांचा पगार कापला गेला.

संकट सरल्यावर

सगळं निभावल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई कोसळल्या. तीन दिवस रडणं, जेवण नाही, मशीन बंद. घरच्यांना कळेना, आता तर सगळं चांगलं आहे! सातव्या फोनवर कळलं की रडणं चुलत दिरांसाठी होतं. रामकुंडावर दशक्रियेला भाऊबंद जमले नव्हते, दोघांनीच उरकलं होतं. आणीबाणीत शरीर दुःख मागे ठेवतं आणि दार मोकळं झालं की ते आत येतं. याला आजार म्हणू नये. दोन आठवड्यांपलीकडे खाणं-झोप सुधारली नाही किंवा मरणाचे विचार आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, हे मात्र तेव्हाच ठरवून ठेवलं. (आज अशा घराला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक देता येतो. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा नव्हता.)

स्वतःशी मायेने वागण्याचा नेहमीचा सराव, छातीवर हात ठेवून गोड बोलणं, त्यांना नाटकी वाटला. म्हणून विचारलं, धाकटी जाऊ अशी रडत असती तर तुम्ही काय केलं असतं? "चहा करून दिला असता. शेजारी बसले असते. बोलले नसते फार." मग तेच करायचं ठरलं: दुपारी चारला एक कप चहा, बसून, हातात दुसरं काम न घेता. ज्या घरात बाई उभ्यानेच चहा पिते तिथे हा सराव वाटतो तितका सोपा नाही. पहिले दोन दिवस सासूबाईंनी विचारलंच, "बरं नाही का?" तिसऱ्या दिवशी त्याही कप घेऊन शेजारी बसल्या, आणि दिरांच्या लहानपणाच्या गोष्टी निघाल्या.

दहाव्या आठवड्यात, आठव्या फोनवर: जीएडी-७ वर ९, पीएचक्यू-९ वर ६, एएक्यू-२ वर २५. झोप अजून तुटक. रुग्णवाहिकेचा आवाज आला की हात थांबतो, मग पुन्हा चालतो. चौदापैकी नऊ ब्लाउज गेले. दोन लग्नं पुढच्या वर्षावर गेली, त्यांची मापं परत घ्यावी लागतील. तीन ब्लाउजांचा निरोप अजून नाही.

ऑक्सिमीटर कुठे आहे, असं विचारल्यावर बाईंना जरा आठवावं लागलं. कपाटात होता, डबीत. सेल नव्हते त्यात. मुलाने काढून टीव्हीच्या रिमोटला घातले होते.